मुरमावरची घंटी

सोलापूर जिल्ह्यात जन्म काढून, सायकलशिवाय दुसरं कुठलंही वाहन न चालवता, शहरातला सात रस्ता चौक एकदाही सायकलवर बसून न ओलांडलेला माणूस मला एकच माहीत आहे. ते म्हणजे सिद्रामप्पा. आमचं सगळं ऑफिस त्यांना आप्पा म्हणायचं. चौकाच्या अलीकडे पन्नास पावलांवर आप्पा खाली उतरायचे, पॅन्टच्या पायाला लावलेली चिमटी काढून खिशात टाकायचे आणि हँडलला धरून सायकलला चौक पार करून द्यायचे. एखाद्या म्हातारीला देवळात नेऊन सोडावं तसं चालायचं ते. पलीकडे पोचलं की चिमटी परत पायाला. मी एकदा विचारलं, "आप्पा, चालवत का नाही जात?"

"मॅडम, हितं सात रस्तं हायत," आप्पा म्हणाले. "मला एकच येतो."

तो एक रस्ता म्हणजे कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता. आप्पा आमच्या पाटबंधारे ऑफिसात पाटकरी होते. पाटाला पाणी सुटलं की त्याच्या सोबत जायचं, दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या शेताची पाळी आहे ते बघायचं आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतंय याची खात्री करायची, हे त्यांचं काम. करकंबकडच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांवर, त्यांची बरीच वर्षं गेली. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऊस, समोर सरळ मुरूम, आणि दिवसभरात एखादी बैलगाडी आली तर आली. असल्या रस्त्यावर तीस वर्षं सायकल मारलेल्या माणसाला सात रस्त्यावरचे रिक्षावाले म्हणजे जंगली जनावरंच वाटणार.

मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. माणसांशी ते मराठी बोलायचे, पण सायकलशी आणि पाण्याशी कानडीतच. चढ लागला की हँडलवर वाकून "नडी, नडी," म्हणजे चल, चल. पाणी चारीत शिरताना अडखळलं तरी त्यालाही "नडी". मी त्यांना म्हटलं, पाटाचं पाणी सगळं मराठी मुलखातलं, त्याला कानडी कसं कळणार? आप्पा गंभीरपणे म्हणाले, "ऐकतंय की." आणि ते खरोखर ऐकायचं, हे मला पुढे कबूल करावं लागलं.

मी नवी शाखा अभियंता म्हणून तिथं गेले तेव्हा डोक्यात पदवी ताजी होती आणि हातात कोरी वही. पाटातून चोरून पाणी ओढणारे पाइप मी पहिल्या आठवड्यात पकडून दाखवणार होते. सकाळी लवकर निघालो. मी ऑफिसच्या मोटारसायकलवर, पुढे आप्पा सायकलवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आप्पांनी घंटी वाजवायला सुरुवात केली. त्यांची घंटी म्हणजे पितळेची, मोठ्या वाटीएवढी. तिचा आवाज अर्धा मैल सहज जायचा. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. मी दोनदा सांगितलं, वाजवू नका. आप्पा "व्हय मॅडम" म्हणाले आणि वाजवत राहिले. आम्ही पोचेपर्यंत पाटाच्या कडेला ओल्या पाइपांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. उसात पाइप ओढत नेल्याची सळसळ मात्र अजून ऐकू येत होती.

मी भयंकर चिडले. कुणाला सामील आहात, असंही विचारलं. आज आठवलं की लाज वाटते. आप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं. कपाळावरच्या विभूतीचे तीन पट्टे घामानं दीड झाले होते.

"चोर घावला की कागद करावा लागतो," ते म्हणाले. "कागद सा महिनं फिरतो. तवर पाइप पाटातच ऱ्हातो. घंटी वाजिवली की पाइप आत्ताच्या आत्ता भाईर. आता टेलला जाऊन बघू चला, पाणी पोचलं का."

टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. आमच्या खात्यात सगळी भांडणं या टेलची. वरचे लोक भरपूर पाणी घेतात आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत बसून आभाळाकडे बघतो. आम्ही टेलला गेलो. तिथं आप्पांनी पाटकऱ्याची जुनी परीक्षा घेतली. बाभळीची एक वाळकी शेंग पाण्यात टाकली, तिच्या बरोबरीनं काठानं चालले आणि तोंडानं आकडे मोजले. मग म्हणाले, "पोचलं. आन् चांगलं पळतंय." माझ्या यंत्रानं मोजलेला वेग आणि आप्पांच्या शेंगेनं मोजलेला वेग यांत फारसा फरक नव्हता. वही मी मिटली ती मिटलीच.

"टेलला पोचलं का?" हे आप्पांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत ते शेवटच्या पानाजवळ जाऊन बघायचे, बुंदी तिथंवर पोचली का. बायकोनं, शांतक्कांनी, औषध दिलं की पोटावर हात ठेवून वाट बघायचे आणि सांगायचे, अजून टेलला गेलं न्हाय. निवृत्तीच्या समारंभात साहेब अर्धा तास त्यांच्याबद्दल बोलले. मग आप्पा उठले, मागच्या रांगेकडे बघून म्हणाले, "टेलला आवाज येतोय का?" मागून "येतोय" आलं. "मग झालं की," असं म्हणून ते खाली बसले. आमच्या ऑफिसात याहून चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही.

निवृत्तीनंतर आप्पा सोलापुरात मुलाकडे राहायला आले. त्याच सुमारास माझी बदली इथंच झाली आणि गुडघे धरायला लागले म्हणून मी सायकल घेतली. ती ज्याच्याकडून घेतली तो इरफान, सायकल दुरुस्त करण्यात अख्ख्या शहरात ज्याचा हात धरणारा दुसरा नाही असा माणूस. त्यानं जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल माझ्या गळ्यात मारली आणि तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात असं सांगितलं. डांबर सोडून, गाड्या टाळून, कच्च्या वाटांनी भटकायची ही नवी टूम म्हणे. रविवारी सकाळी कालव्यावरून फिरायचं ठरलं. वाट दाखवायला आप्पांशिवाय दुसरं कोण?

आप्पांनी माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितला. "ग्रॅव्हल म्हंजे वो काय?"

"मुरूम," मी म्हटलं.

"मग मुरूमसायकल म्हना की. आमी तीस वर्सं तेच करतोय, कुनी फोटो काडला न्हाय."

त्यांची स्वतःची सायकल काळी, उंच, सळीच्या ब्रेकची. ब्रेक शोभेचे होते, खरं थांबणं चपलेनं. इरफान तिला रणगाडा म्हणायचा. "क्या आप्पा, इत्ता लोखंड लेको कायकू फिरते?" असं तो दर रविवारी विचारायचा, आणि दर रविवारी वेड्या बाभळीच्या काट्यानं माझी किंवा त्याची महागडी ट्यूब बसली की आप्पा काही न बोलता रणगाड्याच्या कॅरियरवरून हवेचा पंप काढून द्यायचे. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे समाधान असायचं ते बघून राग येई. वर विचारायचे, "हवा टेलला पोचली का बघा."

एका रविवारी भरावावरून चाललो होतो. आप्पा पुढे. उजव्या बाजूनं मेंढ्यांचा कळप चढून वर आला. चांगल्या शंभरेक मेंढ्या, धुळीचा लोट, मेंढक्याची हाळी. आम्ही दोघं थांबलो. आप्पा न थांबता सरळ त्या कळपात शिरले आणि दोन मेंढ्यांसह कोरड्या चारीत पडले. लागलं फारसं नाही. मेंढका मात्र थक्क झाला.

"व्हय ओ आप्पा, येवडी मेंढरं दिसली न्हाईत व्हय तुमास्नी?"

"बाजूनं आली की," आप्पा कपडे झटकत म्हणाले. "समोरनं यायला पायजे हुती."

इरफान हसला. मी हसले नाही. सात रस्त्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर उतरणारे, पंगतीत शेवटच्या पानाजवळ जाऊन बघणारे आप्पा मला एकदम वेगळे दिसायला लागले. ती सवय होती का गरज, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि शांतक्कांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथं एका यंत्रात हनुवटी ठेवून बसायचं आणि कडेला कुठंही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, अशी तपासणी असते. आप्पा बाहेर आले ते खुशीत. "लई सोपी परीक्षा," मला म्हणाले. "बटन दाबायची येळच आली न्हाय फारशी."

काचबिंदू होता, आणि फार पुढे गेलेला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, कडेचं सगळं गेलं होतं. थेंब टाकून उरलेलं टिकवायचं, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि सायकल बंद. हे शेवटचं ऐकताना शांतक्कांनी कपाळाला हात लावला आणि "साकु" म्हणाल्या, म्हणजे पुरे. आप्पा डॉक्टरांना समजावत होते, "पाटाच्या रस्त्याला समोरचंच लागतंय की वो. बाजूला काय बघायचंय, ऊस?"

मुलगा महेश भला माणूस. पण त्या संध्याकाळी त्यानं रणगाडा साखळीनं जिन्याच्या खांबाला बांधला. आप्पांनी जेवण सोडलं नाही, भांडणही केलं नाही. फक्त रोज सकाळी चिमटी पायाला लावून जिन्याखाली जाऊन बसायचे. फडक्यानं सायकल पुसायची, घंटी एकदा वाजवायची, वर यायचं. आठ दिवसांनी शांतक्कांचाच मला फोन आला. "मॅडम, हे बघवंना झालंय. काय तर करा."

मी गेले. आप्पांना विचारलं, नेमकं काय हवंय? मला वाटलं, म्हणतील रविवारी कालव्यावर जाऊ द्या. ते म्हणाले, "टेल बघायचंय."

"कसलं टेल?"

"पान्याचं. सगळ्या पान्याचं. जलम गेला पानी टेलला पोचीवन्यात. त्याच्या फुडं कुटं जातंय ते बघितलंच न्हाय. समुद्राला सायकलवर जायचं. डांबर नको, गाड्या नकोत. हाय का असला मुरूम?"

असला मुरूम कोकणात होता. देवगडच्या बाजूला डोंगरमाथ्यावर कातळाची मोकळी पठारं असतात, तिथले लोक त्याला सडा म्हणतात. त्या सड्यावरून लाल मातीच्या वाटा उतरत खाडीला आणि समुद्राला जातात, आणि दिवस दिवस एक गाडी दिसत नाही. इरफान तिथं एकदा जाऊन आला होता. महेशनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमी सोबत जाणार आसाल तर जाऊ द्या. पण एक. आल्यावर सायकल सोडायची. कायमची. आप्पा, शब्द द्या."

"बघू की," आप्पा म्हणाले.

आप्पांचं "बघू की" म्हणजे काय, हे खात्यातल्या चार साहेबांनी आपापल्या काळात अनुभवलं होतं. मी महेशकडे बघणं टाळलं.

आम्ही जीपनं गेलो, दोन्ही सायकली मागे बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी इरफाननं आम्हाला सड्यावर सोडलं आणि तो डांबरी रस्त्यानं पुढे समुद्रकाठच्या गावी जाऊन थांबणार होता. आमची व्यवस्था अशी होती, की मी पुढे. माझ्या सीटला मागे पिवळाधमक टॉवेल बांधलेला, आणि आप्पांनी त्या टॉवेलवर नजर ठेवून मागे यायचं. डावी-उजवी बघायची जबाबदारी माझी. इतकी वर्षं त्यांच्या मागे मागे पाट हिंडले, आता मी पुढे. आप्पांनी टॉवेलला नमस्कार केला आणि "नडी," म्हणाले. ते टॉवेलला होतं का मला, विचारलं नाही.

वाट पाहून ते हरखले. वाकून चिमूटभर लाल मुरूम उचलला, बोटांत चोळला, शेवटी त्याचा वास घेतला. "हे पाटाच्या भरावाला वापरायचं म्हंजे पाप हाय," म्हणाले. पण कोकणात मुरमाबरोबर उतारही असतो. कालव्याला उतार म्हणजे मैलाला जेमतेम वीतभर. आमच्या आप्पांनी आयुष्यात खरा उतार बघितलेला नव्हता. पहिल्याच घसरणीवर मागून घंटी बंद झाली. वळून बघते तर आप्पा खाली उतरून, चिमटी खिशात टाकून, सायकलला हाताला धरून येत होते. थेट सात रस्ता. पुढचा चढ रणगाडा चढेना म्हणून तोही चालत. मग पुन्हा उतार, पुन्हा चालत.

"आप्पा, मग चालवणार कधी?"

"मधी मधी सपाट लागतंय की."

असं मधी मधी चालवत साडेदहा वाजता आम्ही एका फाट्यावर आलो. फोनला रेंज नव्हती, नकाशा उघडेना. मी दोन्ही वाटांकडे बघत उभी राहिले. आप्पांनी खाली वाहणाऱ्या ओढ्याचा आवाज ऐकला आणि जन्मभराचं शास्त्र सांगितलं, "पानी धरा मॅडम. पानी नेतंय टेलला."

आमच्याकडे हे शास्त्र शंभर टक्के खरं आहे. मी पाणी धरलं. ओढा खाली खाली जात खाडीला मिळाला आणि खाडीच्या काठानं एक मातीचा लांब बांध सुरू झाला. सरळ, सपाट, वर मुरूम, डाव्या हाताला पाणी. उजव्या हाताला उसाऐवजी खारफुटी, एवढाच फरक. आप्पांना स्वर्ग भेटला. ते टॉवेलला मागे टाकून पुढे झाले आणि घंटी वाजवत सुटले. मी मागून ओरडत होते, ऐकतो कोण?

मैलभर गेल्यावर थांबले. सवयीनं पाणी बघायला. बाभळीची शेंग नव्हती, म्हणून वाळकी काडी टाकली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागले. दोन पावलांत उभे राहिले. काडी मागे चालली होती. आप्पांनी दुसरी टाकली. तीही मागे, आलो त्या दिशेला, डोंगराकडे. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मॅडम," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पानी उलटं चाललंय. खालचं दार कुनीतरी बंद केलंय!"

खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट मीही मान उंच करून दार शोधलं. पाटबंधारे खात्यात हाडं झिजवलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. तोवर आप्पांनी आपला उपाय सुरू केला होता. खाडीच्या मुखाकडे तोंड करून ते जोरजोरात घंटी वाजवत होते, म्हणजे जो कोणी दार दाबून बसलाय त्यानं वेळीच उघडावं, कागद करायची वेळ आणू नये. पाणी काही ऐकेना. त्याच्याशी कानडीतही बोलून बघितलं. उलट पुढचा बांधाचा सखल तुकडा आमच्या देखत पाण्याखाली गेला. मागे बघितलं तर मागचाही गेला होता. आम्ही मध्ये वीसेक हात लांबीच्या उंचवट्यावर, दोन सायकली आणि एक पिवळा टॉवेल. दोन्ही बाजूंना पाणी, आणि बरोबर बाजूचं न दिसणारा माणूस. मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला.

पलीकडच्या काठावर एक बाई कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, काढायचं टोपलं घेऊन उभी होती. घंटीनं तिचीच काय ती करमणूक झाली होती. ती ओरडली, "खंय चल्लात गो? वाट पाण्याखाली गेली. आता सुकती लागल्याबिगर गावची नाय. बसा थंयच!"

"दार कुनी बंद केलं, बाई?" आप्पांनी विचारलं.

"कसला दार? भरती इली हा!" असं म्हणून ती हसत हसत निघून गेली.

भरती. म्हणजे तिची सुकती ही ओहोटी, आणि तोवर वाट मिळायची नाही. पदवीच्या पुस्तकात मी दोन्ही आकृतीसकट शिकले होते आणि गुण मिळवले होते. दोघंही बसलो. आप्पांनी कॅरियरवरचं गाठोडं सोडलं. शांतक्कांनी दोन माणसांसाठी आठ कडक भाकऱ्या आणि अर्धा किलो शेंगांची चटणी दिली होती, त्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं. खाडीच्या मधोमध, भर दुपारी, सोलापूरची भाकरी मोडत आम्ही पाणी चढताना बघत होतो. आप्पांनी आणखी एक काडी टाकली आणि ती मागे गेलेली बघितली. मग म्हणाले, "म्हंजे पानी टेलला जाऊन परत बी येतं."

"रोज दोनदा," मी म्हटलं.

"तीस वर्सांत कुनी सांगितलं न्हाय." त्यांनी चटणीचं बोट चाटलं. "मॅडम, डोळ्याचं तेवडं परत येत न्हाय म्हनत्यात."

मी त्यांना आणखी एक भाकरी दिली. त्यांनी ती घेतली.

दुपार कलली तशी पुढच्या काड्या समुद्राकडे निघाल्या. आप्पांनी तीन वेळा टाकून खात्री केली आणि मगच "दार उघडलं" असं जाहीर केलं. चिखलातून सायकली ढकलत बांध संपवला, एक टेकाड चालत चढलो, चालत उतरलो, आणि सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तर समोर समुद्र. पुळण ओली, कडक आणि पार टोकापर्यंत रिकामी. इरफान आमची वाट बघून अर्धमेला झाला होता. "कां मर गए थे आप लोगां?" असं म्हणत धावत आला आणि आप्पांकडे बघून थांबला.

आप्पा मान हळूहळू एका बाजूला नेत होते, अगदी डाव्या टोकापासून. थांबायचे, बघायचे, पुन्हा थोडी सरकवायचे. उजव्या टोकाला पोचायला त्यांना चांगला वेळ लागला. मग म्हणाले, "लई मोटा हाय. एकदम घावत न्हाय. पाळी लावून बघायला लागतंय."

मग त्यांनी पायाला चिमटी लावली. मी टॉवेलवाली सायकल पुढे घ्यायला लागले, तर हातानं थांबवलं. "आता नको. हितं बाजूला कोन हाय?"

खरंच कुणी नव्हतं. ना मेंढरं, ना चारी, ना रिक्षा. आप्पा रणगाड्यावर चढले, वाकून "नडी" म्हणाले आणि निघाले. उतार नाही, चढ नाही, काटा नाही. सत्तरीला टेकलेला माणूस ओल्या वाळूवर सरळ रेघ मारत चालला होता आणि रिकाम्या किनाऱ्यावर घंटी वाजत होती. पार ठिपका झाले तरी आवाज येत होता. इरफान म्हणाला, "ब्रेक नै उसकू, मॅडम." मी म्हटलं, असू दे. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. मनातल्या मनात मी महेशशी भांडायची तयारी करत होते. दर रविवारी मी पुढे राहीन, टॉवेल बांधीन, साखळी सोड म्हणून सांगणार होते.

आप्पा परत आले. चपलेनं ब्रेक मारला, उतरले, खिशातून छोटा पाना काढला आणि हँडलची घंटी सोडवायला लागले. इरफानला त्यांनी हात लावू दिला नाही. घंटी निघाली तशी सायकल त्याच्याकडे ढकलली.

"घे रं. हिला तूच ने. ब्रेक बशीव."

"आप्पा, महेशशी मी बोलते ना," मी म्हटलं.

"कशाला? शब्द दिलाय की."

"तुम्ही 'बघू की' म्हणालात फक्त."

"बघितलं की," आप्पा म्हणाले.

मी त्यांना शेवटचं सायकलस्वार म्हणून बघितलं ते तिथं. पण डोळ्यांसमोर राहिलं आहे ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी सोलापुरात शिरलो तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. महेश न्यायला सात रस्त्यावर येऊन थांबला होता. त्यानं जीपच्या मागे बघितलं. रणगाड्याच्या हँडलवर घंटीच्या जागी गोल डाग होता आणि घंटी आप्पांच्या मुठीत होती. महेशला समजलं. तो वाकून बापाच्या पाया पडला. चौक पार करायचा होता. आप्पांनी सवयीनं खिशातली चिमटी चाचपली, आणि डाव्या हातानं महेशचा दंड धरला, हँडल धरायचे तसाच, थोडा पुढे झुकवून. उजव्या हातात पितळेची घंटी. आणि निघाले. भर सात रस्त्यात, ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. रिक्षावाले वळून बघायला लागले. एक बस थबकली. फूटपाथवरचे लोक थांबून हसत होते. महेशचे कान लाल झालेले मला जीपमधून दिसत होते.

"आप्पा, वाजवू नका की. लोक बघायला लागलेत."

आप्पा सरळ समोर बघत चालत होते.

"बघू दे की," ते म्हणाले. "मला कुटं दिसतंय?" आणि त्यांनी घंटी पुन्हा वाजवली.